एकच गणित, तीन उत्तरं : ३६, ६४ की ४७ टक्के?

तळ्यात_मळ्यात

गणित असं आहे. दोन लिटरच्या बंद भांड्यात ०.२ मोल फॉस्फरस पेंटाक्लोराइड घेऊन २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं.

पीसीएल५ ⇌ पीसीएल३ + सीएल२

या तापमानाला केसी (संहतींत मांडलेला समतोल स्थिरांक) ०.०४१५ मोल प्रति लिटर. किती टक्के पीसीएल५ फुटलं?

उत्तरसूचीत ४७ दिलंय. माझं ३६ येतंय, वर्गातल्या एकाचं ६४. दोघांनीही "क्ष वर्ग भागिले उरलेलं" असंच मांडलंय. मेख कुठे आहे?

दुसरा भाग: त्याच भांड्यात नंतर आर्गॉन सोडला तर? उत्तरसूची म्हणते काहीच फरक नाही, नोट्समध्ये लिहिलंय विघटन वाढेल.

---

काचपात्र

दोन्ही चुका आकड्यांवरूनच ओळखता येतात.

तुमचे ३६ : तुम्ही ०.२ मोल थेट केसीच्या सूत्रात घातलेत. केसीला मोल चालत नाहीत, मोल प्रति लिटर लागतात. क्ष²/(०.२ − क्ष) = ०.०४१५ सोडवलं तर क्ष = ०.०७२७, म्हणजे ३६ टक्के. भांडं दोन लिटरचं आहे हे कुठे वापरलंच नाही. एक लिटरचं भांडं असतं तर हेच उत्तर बरोबर ठरलं असतं, म्हणून ही चूक कधी कधी खपूनही जाते.

मित्राचे ६४ : त्याने दोनाने भागलंय, पण छेदातला क्ष "छोटा आहे" म्हणून उडवलाय. क्ष² = ०.१ × ०.०४१५, क्ष = ०.०६४. ०.१ मधून ०.०६४ जाणार असेल तर तो छोटा कसा?

आता सरळ मांडणी. सगळे आकडे मोल प्रति लिटर.

सुरुवात : पीसीएल५ ०.१, पीसीएल३ ०, सीएल२ ०
बदल : −क्ष, +क्ष, +क्ष
समतोल : ०.१ − क्ष, क्ष, क्ष

क्ष²/(०.१ − क्ष) = ०.०४१५, म्हणजे
क्ष² + ०.०४१५ क्ष − ०.००४१५ = ०
मुळाखालची संख्या ०.०१८३२, तिचं वर्गमूळ ०.१३५४
क्ष = (०.१३५४ − ०.०४१५)/२ = ०.०४६९

०.१ पैकी ०.०४६९, म्हणजे ४७ टक्के.

आता ताळा. ०.०४६९ चा वर्ग ०.००२२०, भागिले ०.०५३१, उत्तर ०.०४१४. जमलं. ६४ वाल्याने एवढं केलं असतं तर ०.००४१५/०.०३५६ = ०.११७ आलं असतं, दिलेल्या स्थिरांकाच्या जवळजवळ तिप्पट. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पेपरात कोणी करत नाही.

---

रिकामा_सिलिंडर

क्ष कधी उडवायचा यावर थोडं. पाच टक्क्यांचा नियम सगळे सांगतात (उडवून काढलेला क्ष सुरुवातीच्या आकड्याच्या पाच टक्क्यांहून कमी असेल तर चालेल), पण तो उत्तर आल्यावर कळतो. आधीच अंदाज हवा असेल तर अशा एकास दोन फुटण्याच्या गणितात सुरुवातीची संहती भागिले केसी करून बघा. ४०० च्या वर असेल तर बिनधास्त उडवा. इथे ०.१/०.०४१५ = २.४. विचारसुद्धा करू नका.

उडवणं शोभतं असं उदाहरण : हवा २००० केल्व्हिनला.

एन२ + ओ२ ⇌ २ एनओ, स्थिरांक साधारण ०.०००४

एक वातावरण दाबाच्या हवेत नायट्रोजन ०.७९, ऑक्सिजन ०.२१ धरा. क्ष उडवून एनओचा दाब = वर्गमूळ (०.०००४ × ०.७९ × ०.२१) = ०.००८१५ वातावरण. म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन प्रत्येकी ०.००४१ ने घटले. ते वजा करून पुन्हा एकदा फिरवलं की ०.००८०५. फरक सव्वा टक्का. दुसऱ्या फेरीत आकडा हलेनासा झाला की थांबायचं.

इथे एनओचा दाब २क्ष आहे, क्ष नाही. वर्ग करताना (२क्ष)² म्हणजे ४क्ष². दोनाचा वर्ग विसरणं ही या धड्यातली सगळ्यात लाडकी चूक.

---

तळ्यात_मळ्यात

भागायचंच राहिलं होतं, धन्यवाद. आर्गॉनचं काय पण?

---

बाष्पगाडी

उत्तरसूची बरोबर, नोट्सही बरोबर. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

भांडं बंद, आकारमान पक्कं : आर्गॉन सोडल्याने एकूण दाब वाढला, पण पीसीएल५, पीसीएल३, क्लोरीन यांचे मोल तेच, लिटर तेच, म्हणून प्रत्येकाचा आंशिक दाब (मिश्रणातला त्याच्या वाट्याचा दाब) तोच. केपीच्या (दाबांत मांडलेल्या समतोल स्थिरांकाच्या) सूत्रात आंशिक दाब येतात, एकूण दाब येत नाही. काहीच हलत नाही.

दट्ट्या असलेलं भांडं, एकूण दाब पक्का : आर्गॉनला जागा करून द्यायला आकारमान वाढतं आणि बाकीचे तिघं पातळ होतात. पातळ झालं की मोलांची संख्या वाढवणारी दिशा जिंकते, म्हणून विघटन वाढतं.

तुमच्याच आकड्यांत दाखवतो. सुरुवातीच्या समतोलात एकूण संहती ०.१४६९ मोल प्रति लिटर, म्हणजे दाब ६.३१ वातावरण. तो तेवढाच ठेवून ०.२ मोल आर्गॉन घाला. मूळच्या एक मोल पीसीएल५मागे एक मोल आर्गॉन, आणि फुटलेला भाग अल्फा धरला तर एकूण मोल (१ − अल्फा) + अल्फा + अल्फा + १ = २ + अल्फा.

अल्फा² × ६.३१ / [(१ − अल्फा)(२ + अल्फा)] = १.७८

यातून अल्फा = ०.५६. सत्तेचाळीसवरून छप्पन्न टक्के. आकारमान दोन लिटरवरून साधारण साडेतीन लिटर होतं.

१.७८ कुठून आला विचाराल, तर तो याच तापमानाचा केपी आहे, वातावरणात.

---

घनमूळ

प्रश्नातले शब्द वाचा. "त्याच बंद भांड्यात" म्हटलं की आकारमान पक्कं. "दाब स्थिर ठेवून" म्हटलं की दुसरा प्रकार. नुसतं "निष्क्रिय वायू मिसळला तर?" असं विचारून चार पर्याय देणाऱ्यांना काय म्हणावं, ते या धाग्यावर लिहिता येणार नाही.

---

काचपात्र

केपीचा विषय निघालाच आहे तर.

केपी = केसी × (आर × तापमान)^(वायूंच्या मोलांतला फरक)

आर म्हणजे वायू स्थिरांक. फरक म्हणजे उजवीकडचे वायुरूप मोल वजा डावीकडचे. इथे २ − १ = १. घन किंवा शुद्ध द्रव असेल तर तो मोजायचा नाही. चुनखडी तापवल्यावर केपी म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइडचा दाब. भांड्यात चुनखडी मूठभर आहे की पोतंभर, याने तो बदलत नाही (थोडी तरी शिल्लक असली म्हणजे झालं).

०.०४१५ × ०.०८२०६ × ५२३ = १.७८ वातावरण. बार हवा असेल तर आर ०.०८३१४ घ्या, १.८० बार येईल. आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार केला, त्यामुळे जुन्या-नव्या पुस्तकांत असा जरासा फरक दिसतो.

इथे ८.३१४ घातलं की १८० येतं. गंमत म्हणजे तेही चूक नाही, ते किलोपास्कलमध्ये आहे! पण त्याच्यापुढे "वातावरण" लिहिलंत की उत्तर शंभरपट बिघडलं. आणि तापमान केल्व्हिनमध्ये. २५० नव्हे, ५२३.

अजून एक. स्थिरांक समीकरणाच्या लिखाणाला बांधलेला असतो. एन२ + ३ एच२ ⇌ २ एनएच३ साठी ४०० अंशाला केपी ०.०००१६४ (वातावरणाचा उणे दुसरा घात). तेच समीकरण अर्ध्याने लिहिलं की वर्गमूळ, ०.०१२८. उलटं लिहिलं की व्यस्त, साधारण ६१००. गणितातला स्थिरांक कुठल्या लिखाणाचा आहे हे आधी बघा, मगच पेन उचला.

---

पाऊण_मोल

माझा प्रश्न मुळांचा. वर्गसमीकरणाला दोन मुळं येतात, ऋण असेल ते सोडायचं हे माहीत आहे. दोन्ही धन आली तर?

---

बाष्पगाडी

चांगला प्रश्न, आणि खरंच असं होतं. पाणी-वायूची अभिक्रिया घ्या.

सीओ + एच२ओ ⇌ सीओ२ + एच२, ७०० केल्व्हिनला स्थिरांक साधारण ९

दोन्ही बाजूंना दोन-दोन मोल, म्हणून आकारमान कटतं. मोल तसेच घातले तरी चालतात, केपी आणि केसी एकच. सीओ आणि वाफ एकेक मोल असेल तर दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घ्या: क्ष/(१ − क्ष) = ३, क्ष = ०.७५. वर्गसमीकरण लागतच नाही.

आता एक मोल सीओला तीन मोल वाफ.

क्ष² = ९ (१ − क्ष)(३ − क्ष)
८क्ष² − ३६क्ष + २७ = ०
क्ष = ०.९५ किंवा ३.५५

दोन्ही धन. पण सीओ होता एकच मोल, साडेतीन मोल कुठून खर्च होणार? ३.५५ बाद. म्हणून सोडवायच्या आधीच कुंपण घालून ठेवायचं: क्ष शून्य आणि १ च्या मध्येच हवा. सुरुवातीला उत्पादितं असतील तर क्ष ऋणही चालतो, कुंपण डावीकडे सरकतं, एवढंच.

एकच रासायनिक समीकरण असलेल्या आदर्श वायूंच्या गणितात कुंपणाच्या आत मूळ एकच सापडतं. कारण क्ष वाढला की अंशातलं सगळं वाढतं, छेदातलं सगळं घटतं, भागाकार शून्यापासून अनंतापर्यंत चढतच जातो आणि स्थिरांकाला एकदाच ओलांडतो. दोन मुळं आत आली तर मांडणी चुकली आहे, हे नक्की.

(जाता जाता: सीओचं रूपांतर ७५ वरून ९५ टक्क्यांवर गेलं ते नुसत्या जास्तीच्या वाफेने. हायड्रोजनच्या कारखान्यांत वाफ सढळ हाताने सोडतात, त्याचं एक कारण हे.)

---

रिकामा_सिलिंडर

स्थिरांक अगडबंब असेल तेव्हाची युक्ती राहिली.

२ एसओ२ + ओ२ ⇌ २ एसओ३, ७०० केल्व्हिनला केपी सुमारे ३०,००० प्रति वातावरण

पक्क्या आकारमानात एसओ२ ०.२ आणि ओ२ ०.३ वातावरण घेतलं. डावीकडून क्ष धरून निघालात तर घनसमीकरण येतं, शिवाय ०.२ मधून ०.१९७ वजा करायची पाळी येते आणि नेमके महत्त्वाचे अंक त्यातच गळतात. त्याऐवजी आधी सगळं पुढे ढकला, मग थोडं मागे या.

पूर्ण पुढे : एसओ२ ०, ओ२ ०.२, एसओ३ ०.२
मागे : +२य, +य, −२य

०.२² / [(२य)² × ०.२] ≈ ३०,०००
य = ०.००१३

उरलेला एसओ२ ०.००२६ वातावरण, म्हणजे सुरुवातीच्या सव्वा टक्का. इथे "छोटं" खरंच छोटं आहे.

समतोल कुठल्या बाजूने गाठला याला महत्त्व नाही. अणूंचा जमाखर्च तोच असेल तर डावीकडून या नाहीतर उजवीकडून, मुक्काम एकच. मग सोपी बाजू का सोडायची?

---

पाऊण_मोल

आणि अमोनियात थेट चौथा घात येतो, तिथे काय? पेपरात कॅल्क्युलेटर नाही.

---

चौथा_घात

माझ्या नावाने हाक मारलीत म्हणून आलो.

नायट्रोजन-हायड्रोजन १ : ३ या नेमक्या प्रमाणात असतील तर चौथा घात हा नुसता बुजगावणा आहे. समतोलातला अमोनियाचा मोल-अंश य धरा. उरलेला १ − य, त्यातला पाव नायट्रोजन, पाऊण हायड्रोजन. केपीच्या सूत्रात घालून दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घ्या:

य / (१ − य)² = ०.३२५ × दाब × वर्गमूळ(केपी)

(०.३२५ म्हणजे २७/२५६ चं वर्गमूळ.) ४०० अंश, २०० वातावरणाला उजवी बाजू ०.३२५ × २०० × ०.०१२८ = ०.८३. य = ०.३५ घालून बघा: ०.३५/०.४२२५ = ०.८३. झालं, ३५ टक्के अमोनिया.

प्रमाण १ : ३ नसेल तर वर्गमूळ सुटत नाही. तिथे सूत्र शोधत बसू नका, दुभाजन करा. एक मोल नायट्रोजन, दोन मोल हायड्रोजन, तापमान आणि दाब वरचेच:

(२क्ष)² (३ − २क्ष)² / [(१ − क्ष)(२ − ३क्ष)³] = केपी × दाब² = ६.५६

कुंपण ० ते ०.६६७, कारण हायड्रोजन आधी संपतो. मधोमध घालत जा:

०.३३३ घातलं, ३.६३ आलं, कमी. उजवीकडे.
०.५ घातलं, ६४ आलं, फारच जास्त. डावीकडे.
०.४१७ ला साधारण १३, अजून डावीकडे.
०.३७५ ला ६.८०, जवळ आलो.
०.३५४ ला ४.९४, कमी पडलं.

असं करत ०.३७३ ला थांबतो. अमोनिया ०.७४५ मोल, एकूण २.२५५ मोल, म्हणजे ३३ टक्के. योग्य प्रमाणातल्या ३५ पेक्षा कमीच.

स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर दोन्ही बाजूंचा लॉग घ्या. वरच्या ३.६३ ते ६४ अशा उड्या लॉगमध्ये सौम्य होतात. न्यूटनची पद्धत (उतारावरून पुढचा अंदाज काढायची) जलद खरी, पण कुंपणाजवळून सुरू केली तर एका उडीत बाहेर जाते आणि हायड्रोजनचे मोल ऋण करून बसते. वर त्या ऋण संख्येचा घात काढून ती बिनदिक्कत पुढेही जाते, चूक दाखवत नाही.

---

घनमूळ

३५ टक्के हा आदर्श वायू धरून आलेला आकडा आहे, हे लिहायला हवं. २०० वातावरणाला अमोनिया आदर्श राहत नाही. दाबाऐवजी फ्युगॅसिटी (वायूचा परिणामकारक दाब) घातली की उत्तर थोडं वर सरकतं, कारण अमोनियाची "परिणामकारक" उपस्थिती त्याच्या आंशिक दाबापेक्षा कमी भरते आणि हायड्रोजनची किंचित जास्त. पेपरापुरतं सोडून द्या, डिझाइनला सोडता येणार नाही.

आणि आर्गॉनचा प्रश्न कागदावरचा वाटत असेल तर अलिबागजवळ थळला आरसीएफचा खतांचा कारखाना आहे, तसा कुठलाही अमोनिया प्लांट डोळ्यांसमोर आणा. कन्व्हर्टरमधून (अभिक्रिया होते त्या पात्रातून) एका फेरीत सगळा वायू अमोनिया होत नाही. थंड करून अमोनिया द्रवरूपात काढतात, उरलेला वायू परत फिरवतात. हवेतून आलेला आर्गॉन आणि न बदललेला मिथेन या फेऱ्यांत साठत जातात. दाब पक्का असतो, म्हणजे बाष्पगाडी यांचा दुसरा प्रकार: साठलेला आर्गॉन नायट्रोजन-हायड्रोजनचे आंशिक दाब खातो. फक्त इथे मोल कमी होणारी दिशा आपल्याला हवी असते, त्यामुळे पातळ होणं तोट्याचं. म्हणून थोडा वायू सतत बाहेर काढत राहावा लागतो.

---

तळ्यात_मळ्यात

एक शेवटचं. एनओ२ भरलेली सिरिंज दाबली तर रंग फिका होतो असं उत्तर पाठ केलंय. ते तरी बरोबर आहे ना?

---

काचपात्र

अर्धं. एन२ओ४ ⇌ २ एनओ२, एनओ२ तपकिरी, एन२ओ४ रंगहीन. दट्ट्या झटकन आत ढकलला की पहिल्या क्षणी रंग गडद होतो, कारण तेवढेच रेणू कमी जागेत आले. मग काही एनओ२ जोड्या जमवून एन२ओ४ होतो आणि रंग जरा उतरतो. पण दाबण्याआधीच्या रंगाइतका तो फिका होत नाही. बाजूने बघताना समतोलानंतरही एनओ२ची संहती आधीपेक्षा जास्तच असते. ले शातेलिएच्या तत्त्वात (समतोल लादलेल्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेने सरकतो) बदल "अंशतः" भरून निघतो, पुरता नाही. "अंशतः" हा शब्द पाठांतरात गळतो. (वायू विषारी आहे. फ्यूम हूडशिवाय नको.)

तापमानाचं वेगळं. बंद नळी गरम पाण्यात धरली की रंग गडद होतो तो स्थिरांकच बदलल्यामुळे. २५ अंशाला केपी ०.१४८ बार, एका मोल एन२ओ४ला फुटायला ५७.२ किलोज्यूल. ६० अंशाला:

लॉग(गुणोत्तर) = ५७२००/८.३१४ × (१/२९८ − १/३३३) = २.४

नैसर्गिक लॉग आहे, म्हणून गुणोत्तर सुमारे ११, केपी साधारण १.७ बार. इथे मात्र आर ८.३१४ च, कारण ज्यूल आहेत. एकाच पेपरात दोन आर लागतात ते असे.

---

बाष्पगाडी

मूळ गणितावर परत येऊन आणखी एक ताळा, कारण हा प्रश्न उलटाही विचारतात. पीसीएल५चा रेणुभार २०८.५, म्हणजे न फुटता बाष्पघनता (हायड्रोजनच्या तुलनेतली घनता, रेणुभाराच्या निम्मी) १०४.२५. ४७ टक्के फुटल्यावर एकाचे १.४७ कण झाले, वस्तुमान तेच, म्हणून बाष्पघनता १०४.२५/१.४७ = ७१. "बाष्पघनता ७१ आहे, विघटन काढा" असं आलं तर (१०४.२५ − ७१)/७१ = ०.४७.

बाष्पघनता ५२ च्या खाली दिलेली असेल तर छपाईची चूक समजा. शंभर टक्के फुटलं तरी ती निम्म्याच्या खाली जात नाही.

---

तळ्यात_मळ्यात

दट्ट्याचं गणित ०.४ मोल आर्गॉन घेऊन करून पाहिलं. एकूण मोल ३ + अल्फा, अल्फा ०.६३ येतंय. ताळा: ०.६३ × ०.६३ × ६.३१ भागिले (०.३७ × ३.६३) = १.८६. जरा जास्त. ०.६२ घेऊन १.७६. म्हणजे ०.६२ च्या किंचित वर.

---

रिकामा_सिलिंडर

०.६२२. बरोबर.